जंतुनाशक लेपने : उपयोग किती, अपाय किती?

कोविड-१९ च्या साथीपासून आपल्या व्यवसायात एक नवा खर्च शिरला आहे. दवाखान्याच्या भिंती, दारांच्या मुठी, तपासणीचे टेबल, प्रतीक्षागृहातील खुर्च्या यांवर जंतुनाशक लेपन करून घेण्याचा हा खर्च होय. एकदा लेपन झाले की नव्वद दिवस, कोणी म्हणतो वर्षभर, त्या पृष्ठभागावर रोगजंतू टिकत नाहीत असे विक्रेते सांगतात, आणि काम आटोपल्यावर दारावर लावण्यासाठी एक रंगीत पाटीही देऊन जातात. औषधनिर्मिती करणाऱ्या आपल्या बंधूंकडे हीच मंडळी यंत्रे, साठवणीची पिंपे आणि भरणी विभागाच्या भिंती यांचे दरपत्रक घेऊन येतात. साथ ओसरली, विक्री मात्र ओसरलेली नाही. या लेपनांकडे वैद्याने कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी काही विचार येथे मांडण्याचे योजिले आहे.

आमचे मत प्रारंभीच सांगतो. ही सारी लेपने थोतांड आहेत असे आम्ही मानीत नाही. त्यांतील काहींचा पाया भक्कम आहे. तथापि प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले आणि आपल्या दारी जे विकले जाते, यांत मोठे अंतर आहे. शिवाय जे द्रव्य जंतूंना मारते ते पृष्ठभागावरून सुटून कोठे जाते, याचा हिशेब विक्रेता देत नाही. हा हिशेब हाती आल्यावाचून वैद्याने आपल्या वास्तूत, आणि विशेषतः औषधाशी संबंध येणाऱ्या पात्रात, असे लेपन करू देऊ नये.

प्रथम तांब्याविषयी, कारण या क्षेत्रातील सर्वांत भक्कम पुरावा तांब्याचाच आहे. ओलसर पृष्ठभागावर तांब्याचे आयन सुटतात, ते जंतूचे आवरण भेदतात, आतील प्रथिने व जनुकद्रव्य यांची मोडतोड करतात. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंची नोंदणी करून घेतली आणि हे पृष्ठभाग दोन तासांत ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवाणू नष्ट करतात, असा सार्वजनिक आरोग्याचा दावा करण्यास अनुमती दिली. घन पदार्थाला अशी अनुमती मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. परंतु त्या अनुमतीसोबतच्या अटी विक्रीपत्रकांत क्वचितच छापल्या जातात. पृष्ठभाग नियमित स्वच्छ केला पाहिजे, त्यावर रंग, लाखेचा थर वा मेण चढविता कामा नये, आणि हा उपाय नेहमीच्या स्वच्छतेला पूरक आहे, पर्याय नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

२०१३ साली अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. पलंगाचे कठडे, सलाईनचा दांडा, भेटीस येणाऱ्यांच्या खुर्चीचे हात अशा मोजक्या वस्तू तांब्याच्या केल्या असता त्या खोल्यांतील रुग्णांना रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले. त्यावर आक्षेपही घेण्यात आले, आणि पुढील अभ्यासांचे निष्कर्ष तितके एकमुखी नाहीत. तरीही हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२० च्या वसंतात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नव्या कोरोना विषाणूचा जिवंत अंश तांब्यावर चार तासांनंतर सापडला नाही, प्लास्टिक व स्टेनलेस स्टीलवर मात्र तो दोन-तीन दिवस टिकला, हे वाचकांना स्मरत असेलच. आपल्या अधिक परिचयाचे उदाहरण म्हणजे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेले काम. अतिसारकारक जिवाणू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले असता ते जिवाणू पुन्हा वाढविता आले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे दोन मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरेच खाली राहिले. या अभ्यासात जंतू मेले हे जसे मोजले, तसे पाण्यात काय उतरले हेही मोजले. आमच्या दृष्टीने त्याचे मोल या दुसऱ्या मोजणीत आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. वरील सारी उदाहरणे भरीव धातूची आहेत. घरातील ताम्हण किंवा घंगाळ वर्षानुवर्षे झिजले तरी खाली तांबेच असते. लेपनाचे तसे नाही. त्यातील द्रव्याचा साठा अत्यल्प असतो. तो सुटत राहिला तर संपतो आणि सुटलाच नाही तर जंतूला स्पर्शच होत नाही. ‘आमचे लेपन जंतू मारते आणि त्यातून काहीच सुटत नाही’ असे एकाच दमात सांगणाऱ्या विक्रेत्याला या दोहोंचा मेळ कसा बसतो ते विचारावे. चतुष्क अमोनियम संयुगे सिलेनच्या साहाय्याने पृष्ठभागाला घट्ट बांधलेल्या लेपनांबाबत हा दावा विशेषेकरून केला जातो. जंतूला भोसकणाऱ्या सूक्ष्म भाल्यांचे चित्र त्यांच्या पत्रकात असते. चित्र सुरेख आहे; परंतु त्या भाल्यांवर धुळीचा, घामाचा किंवा साबणाचा थर बसला की भाले खाली आणि जंतू वर, अशी स्थिती होते.

या दाव्यांची परीक्षा कशी होते हेही समजून घेतले पाहिजे. बहुतेक प्रमाणपत्रांवर आयएसओ २२१९६ या मानकाचा किंवा ते ज्यावरून बेतले त्या जपानी मानकाचा उल्लेख असतो. या चाचणीत जंतूंचा द्रव नमुन्यावर घालून वर पातळ पापुद्रा ठेवतात आणि ३५ अंश सेल्सिअसला, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, चोवीस तास राखतात. अर्थात जंतू व पृष्ठभाग पूर्ण ओले, उबदार आणि एकमेकांस चिकटलेले असतात. मालेगाव किंवा लातूरच्या दवाखान्यातील दाराची मूठ अशी चोवीस तास ओली कधी असते? तेथे शिंकेचा थेंब काही मिनिटांत वाळतो, आणि वाळलेल्या थेंबातील जंतूपर्यंत आयन पोहोचविण्यास माध्यमच उरत नाही. प्रमाणपत्र खोटे नसते. ते वेगळ्याच परिस्थितीचे असते. ‘९९.९ टक्के’ या आकड्यानेही दिपून जाण्याचे कारण नाही. दहा लाख जंतूंमधून तितके गेले तरी हजार उरतात.

आपल्या पंचकर्म कक्षात तर ही अडचण दुप्पट होते. अभ्यंगाचे टेबल, द्रोणी, शिरोधारेचा स्टँड, दाराची कडी, परिचारकाचा हात लागेल ती प्रत्येक वस्तू तिथे तेलाने माखलेली असते. तेलाचा थर हे कोणत्याही लेपनावरचे आच्छादनच होय. तो काढण्यासाठी आपण शिकेकाई, बेसन, गरम पाणी किंवा कपडे धुण्याची पावडर वापरून घासतो, आणि त्या घासण्याने लेपन झिजते. म्हणजे तेल राहू दिले तर लेपन निरुपयोगी आणि तेल काढले तर लेपनही जाते. लेपनाची शिफारस करणाऱ्यांपैकी कितीजणांनी बस्तीनंतरची खोली पाहिली असेल याची आम्हांस शंका आहे. त्या खोलीत विष्ठेशी संबंध येतो, तेव्हा तेथे खरी गरज आहे ती दर रुग्णागणिक घासून धुण्याची, एकदाच वापरायच्या नळीची आणि परिचारकाच्या हातांची. अतिसार करणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू तर चतुष्क अमोनियम संयुगांना दादच देत नाहीत.

आता अपायाकडे वळू. चांदीचे सूक्ष्म कण, म्हणजे नॅनो सिल्व्हर, हे आज सर्वाधिक खपणारे जंतुनाशक द्रव्य दिसते. जळालेल्या त्वचेवर चांदीच्या क्षारांचा उपयोग आधुनिक वैद्यकाने दीर्घकाळ केला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु तोच अनुभव एक इशाराही देतो. १९७५ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या दाहव्रण विभागात चांदीच्या क्षारास न जुमानणारा साल्मोनेला आढळला; तो काही प्रतिजैविकांनाही जुमानीत नव्हता आणि त्याने रुग्ण दगावले. ही प्रतिकारशक्ती देणारी जनुके पुढे ओळखली गेली. ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. अल्प मात्रेत, सतत, सर्वत्र चांदी पसरविणे म्हणजे जंतूंना त्या द्रव्याचे सात्म्य करून देणे होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॅनो चांदीचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळपास सारी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. ती गटारात गेली, आणि गटाराचे पाणी कोठे जाते हे नदीकाठच्या वैद्यांना सांगणे न लगे.

पोटात घेतलेल्या चांदीने त्वचा कायमची निळसर-राखाडी होते हे सर्वश्रुत आहे. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कलिल चांदीची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असा निर्णय दिला. भिंतीवरच्या लेपनाने कोणी निळे पडणार नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आमची चिंता वेगळी आहे. भिंतीवर बसलेल्या द्रव्यापेक्षा फवारताना हवेत उडणारे द्रव्य आम्हांस अधिक भिववते.

दक्षिण कोरियाची घटना प्रत्येक वैद्याने वाचावी अशी आहे. तेथे हिवाळ्यात खोलीची हवा ओलसर ठेवणारी यंत्रे घरोघरी असतात. त्यांच्या पाण्यात शेवाळ व जंतू वाढू नयेत म्हणून जंतुनाशक द्रव १९९४ पासून विकले जाऊ लागले. पुढे त्यांत जी पॉलिहेक्सामेथिलीन ग्वानिडीनसारखी संयुगे आली, ती पृष्ठभाग व गालिचे यांसाठी सौम्य समजली जात. यंत्राने त्यांचे तुषार केले, ते रात्रभर श्वासावाटे फुप्फुसात गेले. २०११ साली सोलच्या एका रुग्णालयात गर्भिणी व सूतिका यांच्यात फुप्फुसे ताठर होण्याचा अनाकलनीय विकार एकापाठोपाठ दिसला, तेव्हा कारणाचा शोध लागला. तोवर सतरा वर्षे उलटली होती. बाधितांची संख्या हजारांत गेली. त्यांत बालके पुष्कळ होती. द्रव्य बदलले नव्हते, बदलला होता तो शरीरात शिरण्याचा मार्ग. त्वचेला जे सोसवते ते फुप्फुसाला सोसवेलच असे नाही, हे ज्यांनी एकच द्रव्य लेप, नस्य, धूम आणि पान यांत निरनिराळ्या मात्रेने योजण्याचे शिक्षण घेतले त्यांना तरी समजावून सांगावे लागू नये.

आपल्याकडे ही लेपने यंत्राने धुके करून फवारली जातात. फवारणारा मुलगा बहुधा नाकाला रुमाल बांधून असतो, आणि तासाभराने आपण दवाखाना उघडून बसतो. चतुष्क अमोनियम संयुगांनी सफाई कामगारांत व्यवसायजन्य दमा उद्भवतो हे नोंदले गेले आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची प्रकाशाने चेतणारी लेपने आणखी निराळी. त्यांना अतिनील किरणे लागतात, जी आपल्या अंधाऱ्या प्रतीक्षागृहात नसतात. त्यांच्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही. ट्रायक्लोसानची कथा तर संपल्यात जमा आहे. साध्या साबणापेक्षा अधिक गुण आणि दीर्घकालीन निर्धोकपणा उत्पादकांनी सिद्ध केला नाही म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते व अन्य अठरा द्रव्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून काढावयास लावली. कैसर पर्मनेंटी या तेथील मोठ्या आरोग्यसंस्थेने २०१५ च्या डिसेंबरातच आपल्या रुग्णालयांतील फर्निचर, कापड व रंगकाम यांतून पंधरा जंतुनाशक रसायने वगळण्याचा निर्णय घेतला होता. तेथील रुग्णालये ज्यातून बाहेर पडतात त्यात आपण उत्साहाने शिरावे, हे काही शहाणपणाचे नव्हे.

या विषयावर बोलताना आपल्या क्षेत्रातील एका प्रवृत्तीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोणतेही नवे तंत्र आले की ‘हे आमच्या शास्त्रात होतेच’ असे म्हणणारे वक्ते प्रत्येक परिसंवादात भेटतात. या लेपनांच्या बाबतीत तर त्यांना आयतेच साहित्य आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानातील दुन्दुभिस्वनीय अध्यायात क्षारागदाचा लेप दुंदुभी, पताका व तोरणे यांवर देऊन विषहरण करण्याचा विधी आहे. व्रणितोपासनीय अध्यायात सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांच्या धूपनाचा उपदेश आहे, आणि काश्यपसंहितेत धूपांचा स्वतंत्र अध्याय आहे. हे आमच्या अभिमानाचे विषय आहेत; पण त्यांवरून एखाद्या कारखान्याच्या नॅनो लेपनाला शास्त्राचे प्रमाणपत्र मिळत नाही. कडुनिंबाचा वा तुळशीचा अर्क असलेल्या रंगांनाही हाच न्याय लावावा. जानेवारी २०२१ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून बनविलेला रंग बाजारात आणला, तेव्हा तो जंतुरोधक असल्याचे सांगण्यात आले. ग्रामीण उत्पन्नाच्या दृष्टीने आम्हांस तो उपक्रम स्तुत्य वाटतो. परंतु कोणता जंतू, किती वेळात आणि कोरड्या भिंतीवर की ओल्या, हे प्रश्न शेणाच्या रंगालाही विचारावेच लागतील. आणि आपले धूपनही दमेकऱ्याला त्रासदायक ठरू शकते, म्हणून रुग्ण खोलीत नसताना ते करावे व नंतर खिडक्या उघडाव्यात. हे म्हणण्यात शास्त्राचा अवमान नाही.

शास्त्राकडून खरोखर घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. रसशास्त्राने तांब्याचे गुण गाताना अशुद्ध ताम्राचे आठ दोष बजावून सांगितले. शोधन-मारणानंतरही भस्मावर विश्वास टाकला नाही; ते दह्यात किंवा लिंबाच्या रसात ठेवून हिरवट-निळसर छटा उतरते का हे पाहावयास सांगितले. छटा उतरली तर भस्म अपक्व, आणि ते दिल्यास वांती व भ्रम. धातू सुटतो का, अम्लात सुटतो का, किती सुटतो, हे पाहण्याची ही रीत आपल्या घरातच आहे. आंबट पदार्थासाठी पितळेच्या भांड्याला कल्हई करून घेणारी आमची आजी हेच जाणत होती.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न थेट परवान्याशी निगडित आहे. आसवारिष्टांचे उदाहरण घ्या. संधानाचा द्रव अम्ल असतो, त्यात मद्यार्क निर्माण होतो आणि तो पात्रात कित्येक दिवस मुरतो. चांदी किंवा तांबे सोडविण्यास याहून अनुकूल स्थिती कल्पिता येणार नाही. शिवाय संधान घडते ते धायटीच्या फुलांसोबत येणाऱ्या यीस्टमुळे; पात्राची भिंत जंतुनाशक केली तर ज्यांनी काम करावयाचे त्यांच्यावरच आपण शस्त्र धरतो. परंपरेने संधानपात्राच्या आत लेप सांगितला आहे, तो तुपाचा. अनुसूची ‘टी’ मध्ये यंत्रे व भिंती गुळगुळीत आणि धुण्याजोग्या असाव्यात अशी अपेक्षा आहे. त्या जंतुनाशक द्रव्याने माखाव्यात अशी नाही. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ दशलक्षांश या मर्यादांसाठी आपण वनौषधी कल्पांची तपासणी करून घेतो. चांदी, तांबे वा चतुष्क अमोनियम यांचा त्या यादीत समावेश नाही. म्हणजे ती द्रव्ये कल्पात उतरली तरी नेहमीच्या अहवालात दिसणार नाहीत. कोण्या परदेशी खरेदीदाराने ती शोधली, तर उत्तर निर्मात्याला द्यावे लागेल, लेपन करणाऱ्याला नव्हे. यास्तव औषधाचा स्पर्श होणाऱ्या कोणत्याही पृष्ठभागावर असे लेपन करू नये, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे.

मग पृष्ठभागावरून संसर्ग होतच नाही काय? होतो. रुग्णालयातील प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आणि वांती-अतिसाराचे विषाणू या मार्गाने पसरतात. परंतु ज्या रोगाच्या धास्तीने ही विक्री फोफावली त्याच्याविषयी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते की दूषित पृष्ठभागास एकदा स्पर्श झाल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो रोग मुख्यतः हवेतून पसरतो. चाळीस चौरस फुटांच्या बंद प्रतीक्षागृहात दहा रुग्ण बसवून खुर्च्यांना लेपन करण्यापेक्षा तेवढ्या पैशांत एक खिडकी पाडून बाहेर हवा फेकणारा पंखा बसविला तर अधिक लाभ होईल. ज्यांना धातूचाच उपयोग करावयाचा असेल त्यांनी दाराची मूठ, नळाची चावी आणि जिन्याचा कठडा हे तांब्याचे वा पितळेचे, वरून लॅकर न मारलेले, बसवावेत आणि दररोज साबणाने धुवावेत. ते काळे पडतात म्हणून रुग्ण नाके मुरडतील. आठवड्यातून एकदा चिंच लावावी.

लेपनाचा विक्रेता आलाच तर त्याच्याकडून पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. द्रव्याचे रासायनिक नाव आणि चौरस मीटरमागे मात्रा. कोरड्या व तेलकट पृष्ठभागावर केलेल्या चाचणीचा अहवाल. किती वेळा पुसल्यावर किती गुण उरतो याची मोजणी. फवारणीनंतर किती तासांनी गर्भिणी, सूतिका आणि रांगते मूल यांना त्या खोलीत आणावे याचे उत्तर. आणि ‘रोगमुक्त परिसर’ या पाटीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हेही. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आपल्या औषधांच्या पाट्यांवर बारकाईने लक्ष ठेवतो. मग ही एक पाटी आपण तपासल्याविना का लावावी? ज्या सभासदांनी यापूर्वीच लेपन करून घेतले आहे त्यांच्याकडे प्रमाणपत्राची प्रत असेलच. तिची छायाप्रत, लेपनाची तारीख व कक्षाचा उपयोग एवढ्या माहितीसह संपादक मंडळाकडे पाठविल्यास एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडून त्या सर्वांचे एकत्र वाचन करून घेता येईल आणि पुढील एखाद्या अंकात ते छापता येईल, अशी आमची सूचना आहे.